महायुद्धाला गेलेल्यांची नावं गावानं कशी शोधावीत: आधी यादी, मग फलक, सगळ्यात शेवटी कार्यक्रम

साताऱ्यात, कोकणात, पुणे-नगरकडच्या कितीतरी गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक पाटी बसवलेली दिसते. इंग्रजीत तीन-चार ओळी असतात. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढंच. आकडे असतात, नाव एकाचंही नसतं.

अलीकडे गावोगावची तरुण मंडळी या पाट्यांकडे वळली आहेत. कळकळ खरी असते, पण क्रम उलटा लागतो. आधी कार्यक्रमाची तारीख ठरते, मग पाहुणे, मग नवा फलक, आणि उरलेल्या आठ दिवसांत नावं गोळा होतात. कार्यक्रम संपला की मागच्या रांगेतली कुणी म्हातारी उठते आणि विचारते, "आमच्या आजेसासऱ्याचं नाव कुठंय?" त्या वेळी कुणाकडेच उत्तर नसतं, आणि दगडावर कोरलेलं खोडताही येत नाही.

हा लेख तो क्रम सरळ लावण्यासाठी आहे. यात पहिल्या महायुद्धाचंच काम घेतलं आहे. ते सगळ्यात अवघड, कारण पाहिलेलं माणूस आज कुणी हयात नाही. ऐकलेलं सांगणारी नातवंडंही आता ऐंशीच्या घरात आहेत. एक वर्ष हाताशी धरा. त्याहून कमी वेळात हे नीट होत नाही.

## सुरुवातीआधी: तीन गोष्टी कागदावर लिहा

कोणतं युद्ध? जुनी माणसं "जर्मनची लढाई" म्हणतात तेव्हा ती पहिलीही असते आणि दुसरीही. दोन्हींची सरमिसळ हीच सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. ती कशी ओळखायची ते पुढे येईलच, पण वहीत दोन युद्धांसाठी पहिल्या दिवसापासून वेगळी पानं ठेवा.

कोणतं गाव? पाटीवरचा आकडा तेव्हाच्या महसुली गावाचा आहे. त्यातल्या वाड्या आज स्वतंत्र ग्रामपंचायती झाल्या असतील. कोयनेच्या खोऱ्यातली गावं तर धरणामुळे उठून रायगड-ठाण्यापर्यंत गेली. तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या गावाची हद्द आणि वाड्यांची नावं आधी लिहून काढा.

कोणती माणसं? फक्त बंदूकधारी शिपाई की सगळे? माझं उत्तर स्पष्ट आहे: सगळे. अखंड हिंदुस्थानातून तेरा लाखांहून अधिक माणसं या युद्धात गेली आणि सुमारे ७४ हजार परतली नाहीत. त्यात लढणारे होते तसे खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी, जखमींना उचलणारे डोलीवाले आणि मजूर तुकड्यांतले लोकही होते. कोकणातले खलाशी जहाजांवर गेले. घरोघर विचारताना नुसतं "मिलिटरीत कोण होतं?" असं विचारलंत, तर हे सगळे यादीतून गळतात, आणि बहुतेक वेळा ते गावातल्या खालच्या मानलेल्या आळ्यांतलेच असतात.

## टप्पा १: माणसं जमवा, ग्रामसभेला सांगा

पाच-सहा जण पुरेत, पण ते एकाच आळीतले नकोत. प्रत्येक वस्तीतलं एकेक माणूस घ्या. एक शिक्षक हवा. मोडी वाचणारं कुणी मिळालं तर फारच उत्तम, कारण त्या काळातले घरगुती कागद बहुतेक मोडीत आहेत. आणि दोन तरी बाया असाव्यात. लढाईला गेलेल्याच्या मागे घर चालवलं ते बायकांनी. त्या आठवणी सासूकडून सुनेकडे आलेल्या असतात, आणि त्या ओट्यावर बसलेल्या पुरुषांसमोर सहसा बोलल्या जात नाहीत.

मग ग्रामसभेत विषय मांडा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सभांना त्यातल्या त्यात माणसं असतात. पाटी पंचायतीच्या किंवा शाळेच्या भिंतीत असेल तर लेखी ठराव हवाच. देवळात असेल तर विश्वस्तांशी बोला. ठरावात तीन गोष्टी याव्यात: माहिती गोळा करायला संमती, मूळ पाटी न हलवण्याचा निर्णय, आणि यादी अंतिम होण्याआधी ती गावासमोर ठेवली जाईल हे वचन.

इशारा: या टप्प्यावर वर्गणी गोळा करू नका. पैसे आले की हिशेबाचे वाद येतात, आणि देणाऱ्यांना फलक कधी लागणार याची घाई होते. या कामाच्या पहिल्या आठ महिन्यांत वही, भिंग आणि चांगला कॅमेरा असलेला मोबाइल याहून जास्त काही लागत नाही.

## टप्पा २: पाटी वाचा, पण तिला हात लावू नका

उत्साही माणूस आधी पाटी घासतो. तारेचा ब्रश, ॲसिड, मग अक्षरांत ऑइलपेंट. संगमरवर आणि चुनखडीचा दगड ॲसिडनं कायमचा झिजतो. पेंटमुळे अक्षरांच्या कडा बुजतात, आणि रंगवणाऱ्याला इंग्रजी येत नसेल तर १ चा ७ होतो आणि ३ चा ८. अशी रंगवलेली पाटी पुढे कुणालाच खात्रीनं वाचता येत नाही.

वाचायची रीत सोपी आहे. सकाळी लवकर किंवा ऊन उतरताना जा. उजेड समोरून नको, कडेनं तिरपा पडायला हवा. सावलीतल्या पाटीसाठी अंधारात टॉर्च पाटीच्या कडेला जवळजवळ टेकवून धरा. दुपारी सपाट दिसणारा दगड तेव्हा अक्षर न् अक्षर दाखवतो. चारही बाजूंनी टॉर्च फिरवत चार फोटो घ्या. दोघांनी स्वतंत्रपणे वाचून लिहा आणि मग ताडून पाहा. धूळ काढायची असेल तर मऊ ब्रश आणि साधं पाणी, बाकी काही नको.

पाटीवर १९१८ ऐवजी १९१९ दिसलं की अनेक जण ती चूक समजतात. ती चूक नाही. लढाई थांबली ११ नोव्हेंबर १९१८ ला, पण व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या २८ जून १९१९ ला. म्हणून बऱ्याच स्मारकांवर १९१४–१९१९ असंच आहे. नव्या फलकावर ते "सुधारून" लिहू नका.

तपासणी: पाटीवरचे दोन आकडे, गेलेले आणि मेलेले, वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. पुढचं सगळं काम या दोन आकड्यांशी ताडून पाहायचं आहे.

## टप्पा ३: घरोघर जा, आणि घाई न करता ऐका

हा कामाचा गाभा आहे. याला सहा महिने द्या.

सुरुवात गावातल्या सगळ्यात वयस्कर माणसांपासून करा, मग ती कुठल्याही घरची असोत. पहिल्या भेटीत रेकॉर्डिंग नको. का विचारतोय, कशासाठी हवंय आणि हे कुठे लागणार आहे, ते सांगा. दुसऱ्या भेटीत परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, आणि ती परवानगी रेकॉर्डिंगमध्येच बोलून घ्या. घरातलं दुसरं कुणी जवळ असू द्या.

"तुमचे आजोबा पहिल्या महायुद्धात होते का?" हा प्रश्न निकामी आहे. उत्तर हो किंवा नाही येतं आणि बोलणं संपतं. असे प्रश्न विचारा:

- घरात कुणाला सुभेदार, हवालदार, जमादार, नाईक म्हणायचे का? कुणाच्या घराला आजही "सुभेदाराचा वाडा" म्हणतात का?
- बसऱ्याला कोण गेलं होतं?
- तार किंवा मनिऑर्डर आल्याची काही गोष्ट सांगतात का?
- कुणा आजीला पेन्शन होती का? ती कुठे आणायला जायची?
- घरातून गेलेलं आणि परत न आलेलं असं कुणी आहे का, ज्याचं श्राद्ध कोणत्या तिथीला घालायचं ते कळलंच नाही?

शेवटचा प्रश्न मी कधीच वगळत नाही. ज्याची मरणाची बातमी उशिरा आली किंवा आलीच नाही, त्या माणसाची तिथी घराला ठाऊक नसते, म्हणून सर्वपित्री अमावास्येला पान वाढतात. नाव विसरलेलं घरसुद्धा ते पान विसरत नाही. त्यावरून माग लागतो.

बसऱ्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल, कारण मराठा पलटणी मोठ्या संख्येनं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. तिथल्या कुत-अल-अमाराला तुर्कांनी घातलेला वेढा ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. शरणागतीनंतर हजारो हिंदी शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले आणि कितीतरी जण तिथेच संपले. "कैदेत उपाशी मेले" अशी आठवण कुणी सांगितली तर ती नीट लिहून घ्या. या इतिहासाशी ती जुळते.

पहिलं की दुसरं, ओळखण्याच्या खुणा: बसरा, कुत, बगदाद आणि फ्रान्समधले खंदक ही नावं आली तर बहुधा पहिलं. ब्रह्मदेश, इटली, आफ्रिकेतलं तोब्रुक किंवा केरेन आलं तर दुसरं. पण नुसत्या जागेवर विसंबू नका, इराकमध्ये हिंदी फौज दुसऱ्या युद्धातही होती. वयाचं गणित करा. १९१६ ला भरती झालेला माणूस साधारण १९०० च्या आधी जन्मलेला असणार. त्याचा धाकटा मुलगा १९५५ चा निघाला तर पुन्हा विचारा.

इशारा: सांगणाऱ्याला दुरुस्त करू नका. तो म्हणाला "आजोबा हिटलरशी लढले", तर तसंच लिहा आणि शेजारी आपली नोंद करा. चारचौघांत चूक दाखवलेलं माणूस पुढचं काही सांगत नाही.

## टप्पा ४: ट्रंकेतल्या वस्तू

बोलणं रंगलं की कुणीतरी आत जातं आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन येतं. इथे तुमचे हात स्वच्छ आणि कोरडे हवेत.

चांदीचं पदक असेल तर त्याची कड बघा, पुढची बाजू नंतर. पदक बोटांनी उभं धरून भिंगाखाली हळूहळू फिरवा. कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. त्या एका ओळीत तुमचं निम्मं काम होतं. शिपायांना चांदीचं मिळालं, तर मजूर तुकड्यांतल्या अनेकांना तेच पदक कांस्याचं. म्हणून तांब्यासारखं दिसणारं पदक नकली समजून बाजूला टाकू नका. ज्या माणसाला गाव विसरलं, त्याची ती एकुलती एक खूण असू शकते.

पदकावरच्या राजाचा चेहराही बघा. दाढी असेल तर पाचवा जॉर्ज, म्हणजे बहुधा पहिलं युद्ध. दाढी नसेल तर सहावा जॉर्ज, म्हणजे दुसरं.

तळहाताहून मोठी, सुमारे १२ सेंटिमीटरची कांस्याची गोल थाळी निघाली, तिच्यावर उभी स्त्री, सिंह आणि चौकटीत उठावदार अक्षरांत नाव असेल, तर तो माणूस युद्धात मरण पावला असं समजा. ही थाळी मृताच्या घरी पाठवत. तिच्यावर हुद्दा किंवा पलटण नसते, फक्त नाव असतं. मी पाहिलेली एक थाळी देवघरात टाकांच्या शेजारी ठेवलेली होती. घरात कुणालाच इंग्रजी वाचता येत नव्हतं. नाव मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा त्या घरातल्या आजी पदर सावरून उभ्या राहिल्या.

कागदांत सेवामुक्तीचा दाखला, पेन्शनचं पुस्तक, मनिऑर्डरची पावती, पलटणीतला फोटो असं काही मिळतं. घड्या बळजबरीनं उलगडू नका. फुटणारा कागद जसा आहे तसाच फोटो काढा.

- पदक चिंच, लिंबू, राख किंवा भांड्यांच्या पावडरीनं घासू नका. कडेवरची अक्षरं झिजतात, आणि ती गेली की ओळख गेली.
- मूळ वस्तू ताब्यात घेऊ नका. "प्रदर्शनानंतर देतो" म्हणून नेलेल्या वस्तू परत येत नाहीत, हा अनेक गावांचा अनुभव आहे. घरातच, खिडकीजवळ फोटो काढा.
- पदकाचा फोटो घराच्या पत्त्यासह समाजमाध्यमांवर टाकू नका. ही पदकं विकत घेणारे फिरत असतात.
- प्रत्येक फोटोला त्याच दिवशी नाव द्या: वाडी, घर, वस्तू, तारीख. दोनशे फोटो झाल्यावर आठवत नाही.

## टप्पा ५: नोंदी शोधा

घरोघर फिरून झाल्यावरच नोंदींकडे वळा. आधी वळलात तर हजारो नावांत बुडाल.

युद्धात मरण पावलेल्यांसाठी सगळ्यात उपयोगी आहे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या आयोगाची, इंटरनेटवरची विनामूल्य शोधसूची. युद्ध 'पहिलं', सैन्य 'इंडियन आर्मी' असं निवडा. पण नावानं शोधू नका. अतिरिक्त माहितीच्या रकान्यात गावाचं नाव टाका. अनेक हिंदी शिपायांच्या नोंदीत तिथे 'अमुकचा मुलगा, गाव, तालुका, जिल्हा' असं लिहिलेलं असतं. गाव सापडलं नाही तर तालुका टाका आणि एकेक नोंद डोळ्यांखालून घाला.

इथे लोक चुकतात ते असे:

*स्पेलिंग.* लिहिणाऱ्या कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. 'जाधव' हे रोमन लिपीत शेवटी व्ही, डब्ल्यू किंवा ओ घेऊन येतं. 'शिंदे' मधला एच गळतो, 'चव्हाण' चार तऱ्हांनी येतं. गावांची तर आणखी गत. शक्य ती सगळी रूपं आधी कागदावर मांडा आणि एकेक खोडत जा.

*जुने जिल्हे.* आजच्या सांगली जिल्ह्यातलं वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर तेव्हा साताऱ्यात होतं. सिंधुदुर्ग रत्नागिरीत होता, आणि रायगडचं नाव कुलाबा होतं. भोर, औंध, फलटण, कोल्हापूर, सावंतवाडी ही संस्थानं. आजचा जिल्हा टाकून शोधाल तर काहीच हाती लागणार नाही.

*स्मारक म्हणजे मृत्यूची जागा नव्हे.* नोंदीत दिल्लीचं इंडिया गेट दिसलं म्हणून माणूस दिल्लीत मेला असं होत नाही. बसरा स्मारकाचंही तेच. ज्यांची कबर किंवा दहनाची जागा ठाऊक नाही, त्यांची नोंद कुठल्या तरी स्मारकावर केलेली आहे. बसऱ्याच्या स्मारकावर तर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नव्हती. पलटणीपुढे फक्त आकडा होता. ही असमान वागणूक होती, हे आयोगानंही २०२१ च्या अहवालात मान्य केलं. गावात पाटीवर आकडा आणि बसऱ्यातही आकडा, असं ज्यांच्या वाट्याला आलं त्यांचं नाव निदान त्यांच्या गावानं लिहावं, म्हणून हा सगळा खटाटोप.

*जिवंत परतलेले इथे नाहीत.* ही सूची ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात सेवेत मृत्यू पावलेल्यांची आहे. नाव सापडलं नाही म्हणून "तुमचे आजोबा युद्धात नव्हतेच" असं कुणाला सांगू नका.

खलाशांसाठी मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधलं स्मारक बघा. समुद्रातच गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नोंद तिथे आहे. कोकणातल्या गावांनी हा शोध चुकवू नये.

परतलेल्यांसाठी स्थानिक कागद लागतात. तहसीलच्या अभिलेख कक्षातल्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी (कोतवाल बुक), फेरफार नोंदी आणि शाळेचं जनरल रजिस्टर पाहा. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणारा, येत असेल तर त्याच्या वहीत भावकी मिळते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळीत घरातल्या कुणी यात्रा केली असेल तर पिढ्या सापडतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला लेखी विनंती करा. नंबर आणि पलटण हाती असेल तरच उत्तराची आशा धरा.

पलटणीचं नाव लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९२२ च्या पुनर्रचनेत क्रमांक बदलले. घरात 'जंगी पलटण' सांगत असतील तर ती युद्धकाळातली १०३वी, आणि 'काली पाँचवी' म्हणजे १०५वी. आणि सगळे मराठे मराठा पलटणीतच होते असं नाही. सॅपर्समध्ये (लष्करी इंजिनिअरांच्या तुकड्यांत), पायोनियर पलटणींत, ग्रेनेडियर्समध्येही होते.

## टप्पा ६: जुळवणी

आता तुमच्याकडे घरांकडून आलेली यादी आहे आणि नोंदींतून आलेली. दोन्ही जोडायच्या.

नियम एकच: नुसतं नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं धरू नका. एका गावात तीन धोंडी आणि चार सखाराम असतात, त्यांची आडनावंही एकच असतात. वडिलांचं नाव, वाडी किंवा भावकी, आणि पलटण किंवा मृत्यूचं साल, यांपैकी दोन तरी जुळायला हवीत. जुन्या कागदात 'गणू बिन राणू' असं दिसेल. 'बिन' म्हणजे मुलगा. ते आडनाव समजू नका.

ही चूक माझ्या हातून झाली आहे. एका गावात नाव आणि आडनाव जुळलं, साल पटण्यासारखं होतं, म्हणून मी एका माणसाला मृतांच्या यादीत घातलं. तो बसऱ्याहून परत आला होता आणि नंतर त्याचा संसार झाला होता. त्याची नातवंडं समोर बसलेली असताना ते नाव वाचलं गेलं. मेला होता तो दुसऱ्या वाडीचा, त्याच नावाचा पोरगा. त्याच्या घरी कुणी विचारायलाच गेलं नव्हतं, कारण आम्हाला वाटलं, ते नाव तर सापडलंय.

म्हणून यादीचे तीन भाग करा: पक्की नावं, संभाव्य नावं, आणि फक्त घरच्या आठवणीतली नावं. तिसऱ्या भागाला खोटं म्हणायचं नाही. पुरावा मिळेपर्यंत तो वेगळा ठेवायचा, इतकंच.

तपासणी: पक्क्या मृतांची संख्या पाटीवरच्या आकड्याशी जुळते का? कमी असेल तर कुठली वस्ती राहिली ते पाहा. जास्त असेल तर दुसऱ्या युद्धातला कुणी शिरलाय का, किंवा पाटी लागल्यानंतर कुणी मेलं का, ते तपासा. आकडा जुळवण्यासाठी नाव घालू किंवा काढू नका. न जुळणारा आकडा तसाच जाहीर करा.

## टप्पा ७: यादी गावासमोर, अवघड प्रश्नांसह

अंतिम यादी किमान महिनाभर पंचायतीच्या फलकावर आणि प्रत्येक वस्तीत लावा. मुंबई-पुण्याला गेलेल्या घरांना फोटो पाठवा. हरकती लेखी घ्या.

याच वेळी एक प्रश्न येणारच: इंग्रजांच्या चाकरीत मेलेल्यांचं आपण का स्मरण करायचं? तो टाळू नका आणि दाबूही नका. एक संध्याकाळ त्यासाठीच ठेवा. लोक का गेले ते सांगा. कुणी दुष्काळामुळे, कुणी सावकाराच्या कर्जामुळे, कुणी घरात शिपाईगिरीच होती म्हणून. १९१८ मध्ये गांधीजी स्वतः खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरत होते, इतका तो काळ गुंतागुंतीचा होता. महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली गेली होती. युद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभारली, आणि १९२१ मध्ये ती मोडून टाकली. हे गावासमोर बोललं गेलं पाहिजे. साम्राज्याचा गौरव न करताही त्या माणसांची आठवण ठेवता येते.

'शहीद' की 'मृत्यू पावलेले', हेही याच बैठकीत ठरवा. कितीतरी जण गोळीनं नाही तर तापानं, अतिसारानं, कैदेत गेले. माझा कल साध्या शब्दांकडे आहे: "युद्धात गेले, परतले नाहीत." पण शेवटचा शब्द गावाचा.

## टप्पा ८: फलक आणि स्मरणाचा दिवस

मूळ पाटी जागेवरच राहू द्या. नवा फलक तिच्या शेजारी लावा, मराठीत. मजकूर: नाव, वडिलांचं नाव, वाडी, पलटण किंवा काम, मृत्यूचं साल. परतलेल्यांचीही नावं द्या. हुद्द्याप्रमाणे किंवा आळीप्रमाणे लावू नका, अकारविल्हे लावा. खाली चार-पाच नावांची जागा मोकळी सोडा, पुढे सापडतात. देणगीदारांची नावं या फलकावर नकोत.

कोरायला देण्याआधी पूर्ण आकारातला कागदी नमुना प्रत्येक घराला दाखवा आणि नावासमोर सही किंवा अंगठा घ्या. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दगडात गेली की ती शंभर वर्षं राहते.

दिवस ११ नोव्हेंबरच असला पाहिजे असं नाही. गाव ज्या दिवशी भरलेलं असतं तो दिवस घ्या. घाटावर ती जत्रा असेल, कोकणात गणपतीचे दिवस किंवा मे महिना. सत्कार, हारतुरे आणि लांब भाषणं काढून टाकली की कार्यक्रम चाळीस मिनिटांत होतो. नावं त्या त्या घरातल्या माणसानं वाचावीत. ज्याचं कुणीच उरलं नाही, त्याचं नाव शाळेतल्या मुलानं किंवा मुलीनं वाचावं, आणि हे आधी दोनदा सराव करून घ्यावं. आदल्या दिवशी ध्वनिक्षेपक तपासा. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसाला नाव ऐकू गेलं पाहिजे.

नंतरच्या आठवड्यात वहीच्या तीन प्रती करा: एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक तालुक्याच्या वाचनालयात. रेकॉर्डिंगची प्रत ज्याच्या त्याच्या घरी द्या. आयोगाच्या सूचीत चूक किंवा सुटलेलं नाव आढळलं असेल तर पुराव्यासह त्यांना कळवा, ते तपासून दुरुस्ती करतात. शाळेतल्या वहीच्या शेवटी कोरी पानं ठेवा आणि ती कुणाकडे मागायची त्या माणसाचं नाव पहिल्या पानावर लिहा.